विश्लेषण : प्रतिज्ञा तोंडपाठ, पण बाकावरच्या सोबत्याचा आदर? प्राथमिक शाळेत नागरी मूल्ये रुजतात कशी?

सकाळची घंटा झाली की राज्यातील प्राथमिक शाळांत परिपाठ सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा. मुलांना हे सगळे तोंडपाठ असते. तरीही मधल्या सुट्टीत कुणाला रंगावरून, कुणाला बोलीवरून चिडवले जाते. पाठांतर आणि वागणूक यांत हे अंतर का राहते?

आदर कुणाचा?

तेलुगू लेखक पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या प्रतिज्ञेत आईवडील, गुरुजन आणि वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याचे वचन आहे. उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे. तिथे वयाची किंवा पदाची अट नाही. म्हणजे पहिला आदर लहानांकडून मोठ्यांकडे जातो, तर दुसरा सगळ्यांनी सगळ्यांना द्यायचा असतो. वर्गातला अबोल मुलगा, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताई आणि खुद्द विद्यार्थीही त्यात येतात. घरी आणि शाळेत भर असतो तो पहिल्यावर. दुसरा आपोआप येईल, असे आपण गृहीत धरतो.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. कलम २९ नुसार अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत हवा आणि मूल भयमुक्त राहायला हवे. थोडक्यात, मुलांनी आदर शिकावा असे वाटत असेल तर आधी शाळेने त्यांना तो द्यायचा आहे. सगळ्यांसमोर ‘ढ’ म्हणवून घेतलेले मूल समतेचा धडा वाचते, पण शिकते ते अपमान कसा करायचा हेच.

महाराष्ट्रात कोणता प्रयोग झाला?

शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील सुमारे ५०० जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू केला. पुढे राज्य सरकारच्या सहभागाने तो इतर जिल्ह्यांतही पोहोचला. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हा त्याचा पाया. पद्धत मात्र भाषणाची नाही. जोडीने चर्चा, गटात काम आणि सगळ्यांनी मिळून खेळायचे खेळ यांतून मुले शिकतात.

वर्गात याचा उपयोग काय?

सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘बंधुता’ हा शब्द जड जातो. पण ‘आता तिची बोलायची पाळी आहे’ हे लगेच कळते. जोडीचर्चेत एक बोलतो, दुसरा ऐकतो, मग पाळी बदलते. नेहमी हात वर करणाऱ्या चार-पाच मुलांपलीकडे इतरांनाही बोलायला मिळते. वर्गाचे नियम मुलांनीच ठरवले की नियम मोडणाऱ्याला मुलेच समजावतात. वर्ग झाडण्याची आणि पाणी भरण्याची पाळी मुलामुलींना सारखीच लावली, तर स्त्री-पुरुष समानतेवर वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण वेळेची. अभ्यासक्रम मागे पडला की आधी असे तास कापले जातात. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असलेल्या शाळेत तर ओढाताण ठरलेलीच. दुसरी अडचण मोजमापाची. ‘समता म्हणजे काय?’ याचे अचूक उत्तर लिहिणारे मूल सोबत्याला डब्याजवळून उठवत असेल, तर उत्तरपत्रिकेत ते दिसत नाही. तिसरी अडचण मोठ्यांची. फळ्यावर समता लिहून पाहुण्यांना चहा द्यायला फक्त मुलींनाच उठवले, तर मुले त्यातूनच शिकतात.

पालक काय करू शकतात?

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानुसार तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. बैठकीत गुणांबरोबर आणखी तीन गोष्टी विचारता येतील : कामाच्या पाळ्या कशा लावतात, चिडवण्याची तक्रार मूल कुणाकडे करते आणि त्यानंतर काय होते? घरी आल्यावर ‘किती मार्क पडले?’ याच्याआधी ‘आज कुणाचं म्हणणं ऐकलंस?’ हा प्रश्नही विचारता येईल. त्याला पैसे लागत नाहीत आणि सरकारी आदेशाची वाटही पाहावी लागत नाही.