एमएचं कर्ज आणि लग्नाची एफडी

गेल्या जूनमधली गोष्ट. साताऱ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला तो अगदी रडवेला. भाचीला मुंबईत समाजकार्याच्या एमएला प्रवेश मिळाला होता. पेढे वाटायचे सोडून घरात दोन दिवस अबोला! फी, हॉस्टेल, मेस सगळं धरून दोन वर्षांचा खर्च पाच लाखांच्या घरात. भावोजी म्हणत होते, ''इंजिनीअरिंगला लोक कर्ज काढतात, ते फिटतं. हे शिकून ही कमावणार किती आणि फेडणार काय?''

मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही कर्ज विभागात. म्हणून शनिवारी मलाच बोलावणं.

गेले आणि आधी वही मागितली. पाच लाखांचं कर्ज, व्याज दहा टक्के धरू. पहिल्या वर्षी अडीच लाख उचलले, दुसऱ्या वर्षी अडीच. शिकताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. ही सवलत ऐकून सगळे खूश होतात, पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून चालूच असतं. तीन वर्षांत ते सव्वा लाख होतं आणि मुद्दलात जाऊन बसतं. मग सव्वासहा लाखांवर दहा वर्षांसाठी महिन्याला ८,२५९ रुपये हप्ता. एकूण फेड नऊ लाख ९१ हजार. बहिणीने डोळेच मोठे केले.

''आता पगार,'' मी भाचीला म्हटलं. ''कॉलेजच्या माहितीपुस्तकातला नको. तू जे काम करणार आहेस, तेच करणाऱ्या दोघींना विचार.'' तिने माझ्यासमोर दोन सीनिअर मुलींना फोन लावले. एक संस्थेत, हातात २८ हजार. दुसरी एका कंपनीच्या सीएसआर विभागात, तिला ४१. भाची म्हणाली, ''मला संस्थेतच काम करायचंय.'' ठीक, २८ धरू. खोलीभाडं नऊ हजार, हप्ता सव्वाआठ. उरले पावणेअकरा हजार, त्यात मुंबईत जेवण, लोकल, आजारपण. ''जमेल,'' ती म्हणाली. मला तसं वाटत नव्हतं. हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याहून हप्ता मोठा झाला की पहिल्या अडचणीला तो चुकतो, हे मी काउंटरवर बसून पाहिलंय.

इंग्लंडमध्ये २०२३ पासून पदवीला बसणाऱ्या तिथल्या मुलांना पगार वर्षाला २५ हजार पौंडांच्या वर गेला तरच फेडावं लागतं, वरच्या रकमेच्या नऊ टक्के. चाळीस वर्षांनी उरलेलं माफ. आपल्या बँकेचा हप्ता पगार बघत नाही.

मग मी स्वस्तातला पर्याय काढला. विद्यापीठाच्या विभागात समाजशास्त्राचं एमए काही हजारांत होतं. भाची हट्टाने म्हणाली, ''मावशी, मला आठवड्यातले दोन दिवस वस्तीत काम करायला मिळणार आहे. नोकऱ्या त्याच ओळखीतून लागतात.'' त्यात तथ्य होतं. नाही म्हणवेना.

भावोजींच्या मनातलं खरं कारण चहाच्या वेळी बाहेर आलं. ''ताई, उद्या लग्न झालं तर हे हप्ते कोण भरणार? सासरच्यांना काय सांगायचं?'' प्रश्न चुकीचा नव्हता. लग्नानंतर नोकरी सुटलेल्या मुलींचे थकलेले हप्ते आणि सहकर्जदार म्हणून वडिलांच्या दारात गेलेली नोटीस, अशी प्रकरणं मीही हाताळली आहेत. पण तेवढ्यात भाचीने विचारलं, ''बाबा, लग्नासाठी दोन-दोन लाखांच्या दोन पावत्या आहेत ना? त्याला हात लावायचा नाही आणि शिकायला कर्ज काढायचं, असं का?''

कुणीच बोललं नाही. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

त्या रात्री पुन्हा वही उघडली. एक पावती मोडायची आणि कर्ज तीनच लाखांचं. शिकताना व्याज महिन्याच्या महिन्याला भरायचं: पहिल्या वर्षी १,२५०, पुढे अडीच हजार. म्हणजे मुद्दल तीन लाखच राहतं आणि हप्ता ३,९६५वर येतो. असं व्याज भरत राहिलं तर बऱ्याच सरकारी बँका एक टक्का सूट देतात, मुलींना आणखी अर्धा. ती मिळाली तर फायदाच. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची हमी योजना २०१५ पासून आहे, त्यामुळे बँकेने घर तारण मागितलं तर 'त्या योजनेत बसवा' असं सांगायचं, हेही वहीत लिहून दिलं. व्याजावरची आयकर सवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. भावोजींनी नवी घेतली आहे, त्यामुळे ते खोडलं.

पावती मोडायला बहीण एकटीच गेली. भावोजींना ते बघवलं नसतं म्हणे.

भाचीचं पहिलं वर्ष आता संपलं. सोमवारी मानखुर्दच्या एका वस्तीत जाते, तिथल्या बायकांच्या रेशनकार्डांचे अर्ज भरते. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला साताऱ्याहून भावोजींचा फोन येतो, ''ताई, या महिन्याचं व्याज भरलं बरं का.''