पारा कुठे जातो?

एखाद्या शहराला इंग्रजीत ‘संस्कृतींचे अमॅल्गम’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे एकजीव झालेले, पुन्हा सुटे न होणारे मिश्रण येते. रसायनशास्त्रात मात्र हा शब्द बराच काटेकोर आहे. पारा आणि दुसरा एखादा धातू यांच्या मिश्रधातूलाच अमॅल्गम म्हणतात. पितळ, कासे, पोलाद हे सारे मिश्रधातू खरे, पण त्यांत पारा नाही म्हणून ते अमॅल्गम नव्हेत. मध्ययुगीन किमयागारांच्या लॅटिनमधला हा शब्द पुढे बोलीत पसरला तेव्हा त्यातला पारा गळून गेला आणि नुसते मिसळणे उरले. अर्थ असे पसरतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाऱ्याबरोबर एक महत्त्वाची गोष्टही नजरेआड झाली. धातूंच्या इतिहासात अमॅल्गम बहुतेक वेळा केले गेले ते मोडण्यासाठीच. पारा काम उरकून निघून जाई आणि तो कुठे गेला याची चौकशी सहसा कुणी करत नसे.

रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने जुन्या जरीच्या कपड्यांतून सोने काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. कपडे जाळायचे, राख पाण्यात टाकायची, त्यात पारा घालायचा. सोन्याचे कण पाऱ्याला धरतात. मग तो पारा फडक्यात घेऊन पिळला की पातळ भाग गाळून जातो आणि सोने आत राहते. व्हिट्रुव्हियस त्याला शुद्ध सोने म्हणतो. प्रत्यक्षात फडक्यात उरतो तो पाऱ्याने भरलेला मऊ गोळा आणि तो तापवावा लागतो. पारा सुमारे 357 अंश सेल्सियसला उकळतो, सोने 1,064 अंशांवर वितळते. या फरकावरच सारी युक्ती उभी आहे. 1550 च्या दशकात बार्तोलोमे दे मेदिना याने मेक्सिकोतील पाचुका येथे हीच युक्ती चांदीसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली. दळलेले खनिज फरसबंद अंगणात पसरत, त्यात मीठ, मोरचुदासारखे तांब्याचे क्षार आणि पारा घालत आणि तो चिखल आठवडेच्या आठवडे तुडवत. पुढे हे काम खेचरांकडे आले. पारा स्पेनमधील अल्मादेन आणि पेरूतील वांकावेलिका येथल्या खाणींतून येई. त्याच्या विक्रीचा मक्ता राजाकडे होता. कुणी किती पारा उचलला यावरून त्याने किती चांदी काढली असावी, याचा अंदाज अधिकारी बांधत आणि करचुकवेगिरी पकडत. म्हणजे चांदीचा हिशेब पाऱ्यावरून होत होता. ती चांदी व्यापाराबरोबर पुढे सुरतेपर्यंत आली आणि तिचे रुपये पाडले गेले. पारा मात्र खाणींच्या आसपासच्या हवेत, मातीत आणि ओढ्यांत राहिला.

यावर पहिला आक्षेप दाताचा. दाढेत ‘चांदी भरतात’ ते अमॅल्गम तर वर्षानुवर्षे टिकते, मग मोडण्याचा प्रश्न येतो कुठे? आक्षेप वजनदार आहे. चांदी, कथील आणि तांबे यांच्या भुकटीत जवळजवळ तितक्याच वजनाचा पारा घोटला की काही मिनिटांत घट्ट होणारा लगदा तयार होतो. त्यातला पारा बांधला जातो, थर्मामीटरमधल्या पाऱ्यासारखा मोकळा राहत नाही. अमेरिकेत 1840 साली स्थापन झालेल्या दंतवैद्यांच्या संघटनेने सभासदांकडून अमॅल्गम न वापरण्याची हमी घेतली. त्या भांडणात संघटनाच 1856 साली मोडली आणि अमॅल्गम टिकले. तरीही ‘चांदी’ हे नाव फसवे आहे, कारण निम्मे वजन पाऱ्याचे असते. चावताना अत्यल्प वाफ सुटते, जुने भरण कोरताना जास्त सुटते आणि दहनाच्या वेळी उरलेला बहुतेक पारा हवेत जातो. दातातही पारा मुक्कामालाच असतो, फक्त मुक्काम लांबतो.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. कायद्यातले ‘अमॅल्गमेशन’ तरी कायमचेच ना? हो, पण तिथेही काहीतरी विरतेच. 1 एप्रिल 2019 रोजी देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. उरले नाव एकच. याहून पुढे ही तुलना ताणण्यात अर्थ नाही.

शब्दाच्या सैल अर्थामुळे खरे नुकसान होते ते सरसकट भीतीत किंवा सरसकट बेफिकिरीत. 2018 च्या जागतिक पारा अहवालानुसार, माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे 38 टक्के छोट्या सोनेखाणींतून येतो. तिथे सोने आणि पारा यांचा गोळा अनेकदा उघड्यावर, कधी घरच्या चुलीवरही जाळतात. भारताने 2018 मध्ये मान्य केलेल्या, पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात या खाणी आणि दातांचे भरण यांना मुळात वेगवेगळे नियम ठेवले गेले: उघड्यावर जाळणे बंद करायचे, भरणाचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचा. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून भरणासाठीचा वापरही, मोजके वैद्यकीय अपवाद सोडून, बंद केला. मात्र ज्यांच्या दाढेत जुने, शाबूत भरण आहे त्यांनी घाबरून ते कोरून काढू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचाही 2020 पासून हाच सल्ला आहे, कारण कोरताना बांधलेला पारा जास्त मोकळा होतो.