मार खाऊन टणक होणारं पोलाद

झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला २०२२पासून सिमेंट कारखाना सुरू आहे. चुनखडीचं सिमेंट व्हायच्या आधी दगड फोडावा लागतो. त्यासाठी जे हातोडा क्रशर वापरतात, त्यांत जड हातोडे गरगर फिरत असतात. टोकाचा वेग सेकंदाला तीसेक मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. दगडाशी गाठ पडते ती पापणी लवायच्याही आत.

एवढ्या घाईत धातू वेगळाच वागतो. तार हातानं हळूहळू वाकवली, तर आतल्या अणूंच्या थरांना एकमेकांवरून सरकायला भरपूर वेळ मिळतो. जोरदार आघातात तो मिळत नाही. साधं पोलाद ज्या ताणाला सावकाश वाकलं असतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट ताण तेव्हा लागतो. वरवर बघता ताकद वाढली. पण सरकणं जमलं नाही की पोलाद सरळ तडकतं. दुसरी भानगड उष्णतेची. धातू दबताना खर्ची पडलेल्या ऊर्जेचा बहुतेक भाग उष्णता होतो, आणि ती पसरायला फुरसत नसते. कधीकधी एका चिंचोळ्या पट्टीतच धातू तापून मऊ पडतो, सगळं सरकणं तिथंच होतं आणि तिथूनच तो फाटतो. छन्नीचं फुललेलं डोकं घासून काढल्याशिवाय घण मारू नये म्हणतात, तेही अशाच फाटण्याच्या भीतीनं. त्या कडेची ढलपी उडून डोळ्यात जाऊ शकते.

क्रशरच्या हातोड्यांना म्हणून वेगळं पोलाद लागतं. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डनं ते १८८२ साली केलं, तेव्हा तो तेविशी-चोविशीतला होता. मँगनीज वाढवलं की पोलाद ठिसूळ होतं, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हा गडी थांबला नाही. बारा-तेरा टक्क्यांवर गेला आणि ठिसूळपणा गेला! मात्र ते नारिंगी-पिवळं दिसेपर्यंत तापवून पाण्यात बुडवावं लागतं. साधं पोलाद तसं केलं तर कडक होतं. हे उलट चिवट होतं.

फटका बसला की याच्या स्फटिकांत बारीक बारीक जुळे थर तयार होतात आणि पुढचं सरकणं अडवतात. कातडी टणक, गाभा चिवट. वापरलेल्या हातोड्याची कड पाहिली तर धातू ओठासारखा बाहेर वाहून आलेला दिसतो. पण नुसत्या वाळूच्या घासण्यानं हेच पोलाद भराभर झिजतं, कारण तिथं त्याला पुरेसा मारच मिळत नाही.

चुंबकही याला जवळजवळ चिकटत नाही. त्यामुळे हातोड्याचा तुकडा तुटून दगड वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर पडला, तर लोखंड वेचायला वर टांगलेलं चुंबक त्याला उचलत नाही. तिथं मेटल डिटेक्टरच लावावा लागतो.