विंचू चावला : पद एक, सोंगं अनेक

संत एकनाथांचं ‘विंचू चावला’ हे भारूड चारशे वर्षांहून अधिक काळ गायलं जातंय. जळकोट-उदगीर पट्ट्यात गावोगावी हरिनाम सप्ताह बसतात. तिथं भारूड उभं राहिलं की हे पद हमखास निघतं.

मूळ रचना

एकनाथ (1533–1599) पैठणचे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादचे किल्लेदार. म्हणून पदांच्या शेवटी ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा येते. वासुदेव, जोशी, गोंधळी अशा रोज दारावर येणाऱ्या माणसांच्या तोंडी अध्यात्म घालणारी त्यांची सुमारे 300 भारुडं सांगितली जातात.

विंचू कोणता?

माळरानावरच्या माणसाला इंगळीची कळ समजावून सांगावी लागत नाही. एकनाथांनी तीच कळ काम-क्रोधाला लावली. अंगाला घाम सुटतो, प्राण कासावीस होतो. उतारा मात्र मांत्रिकाकडं नाही. तो सत्त्वगुणात आहे. त्यानंही थोडी ठणक उरते, ती गुरुकृपेनं शमते.

बदलतं काय?

भारुडाचे भजनी, सोंगी आणि कूट असे प्रकार मानतात. ‘विंचू’ रंगतो तो सोंगात. टाळ-मृदंगावर पद चालतं आणि मध्येच थांबून भारूडकार संपादणी करतो : विव्हळतो, टाळकऱ्यांशी हुज्जत घालतो, गावातल्या भानगडींवर बोट ठेवतो. पद पाठ असतं. संपादणी त्या रात्रीची, त्या गावची.

फडातून ध्वनिमुद्रिकेत

शाहीर साबळे (1923–2015) यांच्या आवाजानं हे भारूड घराघरांत पोचलं. ध्वनिमुद्रणानं एक चाल आणि विव्हळण्याची एक तऱ्हा लोकांच्या कानात पक्की केली. पुढच्या अनेक गायकांनी तीच उचलली.

भारुडाची परंपरा मात्र तिथं थांबली नाही. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे यांनी व्यसनमुक्तीसारखे विषय भारुडात आणले. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांनी बाईच्या तोंडून भारूड मंचावर गाजवलं.

ऐकताना काय पाहावं?

चाल जुनी की नवी, याला फार महत्त्व नाही. गायक उताऱ्यापर्यंत पोचतो का, ते पाहावं. वेळेच्या घाईत नुसतं विव्हळणं आणि नाच ठेवला, तर हशा मिळतो. पण एकनाथांनी ज्यासाठी विंचू सोडला, तेच गळून जातं.