वने, इंधन व हवामान : ग्रामस्थांच्या प्रश्नांस शिक्षकाने कसे उत्तर द्यावे

खेड्यातील प्राथमिक शिक्षक हा केवळ मुलांचाच शिक्षक नसतो. पालकसभा आटोपल्यावर किंवा एस. टी.ची वाट पाहत असता वडीलधारी मंडळी त्यास नाना प्रश्न विचारतात. अलीकडे त्यांत हवामानाविषयीचे प्रश्न फार वाढले आहेत. बारामती व इंदापूर तालुक्यांत त्यास सबळ कारणही आहे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असून वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. असे असता १४ ऑक्टोबर २०२० रोजी ह्याच भागात अतिवृष्टी झाली, आणि २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस तर पावसाने बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला. ज्या प्रदेशाने पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसावे, त्याच प्रदेशाने भर मे महिन्यात पुराचे पाणी पाहावे, हे लोकांस चमत्कारिक वाटते आणि ते शिक्षकास कारण विचारतात.

इंदापूर तालुक्यातील सणसर हे गाव उदाहरणादाखल घेतले, तर बहुतेक सर्व प्रश्न एकाच शिवाराच्या आसपास सापडतात. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस तेथे आहे. जवळच भवानीनगर येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. आणि तालुक्यात जेथे कालव्याचे पाणी पोहोचत नाही तेथे, कडबनवाडीसारख्या गावांच्या परिसरात, गवताळ माळ आहे.

पहिला प्रश्न बहुधा धुराड्याचा असतो. साखर कारखाने उसाचे चिपाड, ज्यास कारखान्यात बगॅस म्हणतात, ते जाळून वाफ व वीज तयार करतात. ‘एवढा धूर निघतो, मग ही वीज कोळशाच्या विजेहून बरी कशी?’ असे लोक विचारतात. येथे प्रथम एक गल्लत दूर करावी. डोळ्यांना दिसणारा धूर म्हणजे काजळी व राखेचे कण. तो छातीस अपायकारक आहेच. परंतु पृथ्वीची उष्णता वाढविणारा कार्बन डायऑक्साइड हा वायू डोळ्यांस दिसत नाही व त्यास वासही नाही. तो उष्णता शोषून धरतो हे जॉन टिंडल ह्या शास्त्रज्ञाने १८५९ सालीच प्रयोगाने दाखविले होते.

आता हा वायू चिपाडातूनही निघतो आणि दगडी कोळशातूनही. मग भेद कोठे? तो पेवाच्या दृष्टान्ताने सांगावा. आजही वृद्ध मंडळींस पेव म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. उसाने जो कार्बन हवेतून घेतला, तो वर्ष-दीड वर्षांत चिपाड जळताना हवेस परत गेला, आणि पुढील खोडव्याने तो पुन्हा घेतला. ही शेजारच्या घराशी चाललेली उसनवार होय. चंद्रपूर-वणीकडील दगडी कोळसा मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत पुरले गेलेले पेव आहे. ते फोडून जाळले की त्यातील कार्बन हवेत नव्याने भर घालतो, आणि तो परत घेणारे पीक कोणी पेरलेले नसते. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत ह्या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ झाले होते, आणि २०२४ साली ४२० च्या वर गेले.

वरच्या वर्गांतील मुलांस येथे एक हिशेब द्यावा. एक लिटर डिझेल जळाले म्हणजे सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ट्रॅक्टरात ४० लिटर डिझेल जळाले, तर किती? उत्तर एक क्विंटलहून अधिक येते. ‘गुरुजी, डिझेलचे वजन एक किलोहून कमी, मग वायू एवढा कसा?’ असे एखाद्या मुलाने विचारलेच, तर त्याचे कौतुक करावे. कार्बनच्या १२ भारास हवेतील ऑक्सिजनचे ३२ भार येऊन मिळतात, म्हणून वजन वाढते.

तथापि ऊस म्हणजे निर्दोष इंधन, असेही सांगू नये. उसाला पाणी देणारा पंप बहुधा कोळशाच्या विजेवरच चालतो. युरियासारख्या नत्र खतांपासून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि तो भारास भार धरता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो. पाचट जाळण्याचेही तसेच. त्यातील कार्बन उसनवारीचाच खरा. परंतु धूर होतो, आणि जमिनीत कुजून तिचा कस वाढविणारा पाला फुकट जातो.

दुसरा प्रश्न नाजूक आहे : ‘झाडे लावली म्हणजे पाऊस येईल ना?’ वृक्षारोपणाच्या दिवशी ‘होय’ म्हणण्याचा मोह फार होतो. परंतु तसे म्हणू नये. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवरच रिते होतात. महाबळेश्वरी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि सणसरच्या वाट्यास त्याचा दहावा हिस्साही येत नाही. विस्तीर्ण अरण्यांचा पर्जन्यावर परिणाम होतो हे खरे, पण शाळेच्या आवारातील पन्नास झाडांनी डोंगराची आडकाठी दूर होत नाही. झाड सावली देते, माती धरते, पाणी मुरविते. एवढे पुष्कळ आहे. पावसाचे वचन देऊन लावलेली झाडे पुढील दुष्काळात शिक्षकाचा शब्द खोटा पाडतात, आणि मग त्याचे खरे बोलणेही कोणी ऐकत नाही.

तिसरा प्रश्न माळाचा. १९५० साली वनमहोत्सव सुरू झाल्यापासून झाडे लावण्याची हौस देशभर रुजली. १ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला. त्या उत्साहात माळ ‘ओसाड’ समजून तेथे खड्डे खणले जातात. वस्तुतः माळ ओसाड नाही. कुसळी, मारवेल ही गवते, तुरळक हिवर व बाभूळ, चिंकारा, खोकड, लांडगा आणि धनगरांची मेंढरे ह्यांचे ते नांदते घर आहे. बारामती तालुक्यात सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी राखलेले आहे, आणि तेथेही गवताळ रानच आहे. गवताचा कार्बन बहुतांशी मुळांत व मातीत असतो. वर वणवा लागला तरी तो खाली शाबूत राहतो. खड्डे खणून तो उघडा करावा, आणि लावलेले रोप उन्हाळ्यात पाण्यावाचून जावे, ह्यात दुहेरी तोटा आहे. शिवाय चराई बंद झाल्याने मेंढपाळाचे कुटुंब लांब जाते व त्यांचे मूल शाळेच्या पटावरून कमी होते. झाडे अवश्य लावावीत, पण कालव्याकाठी, बांधावर, शाळेच्या आवारात : कडुनिंब, चिंच, करंज.

राहिला अवकाळी पावसाचा प्रश्न. हवा एक अंशाने तापली म्हणजे ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस आला की एकदम कोसळण्याचा संभव वाढतो. तथापि अमुक एक पाऊस हवामानबदलानेच पडला, असे शिक्षकाने ठामपणे म्हणू नये. हवामान म्हणजे निदान ३० वर्षांची सरासरी. त्यासाठी शाळेत पर्जन्यमापक असावा, रोज सकाळी ८.३० वाजता पाऊस मोजून मुलांच्या हस्ते नोंद व्हावी, आणि शिक्षकाची बदली झाली म्हणजे ती नोंदवही दाखल-खारीज रजिस्टराबरोबर पुढील शिक्षकाच्या स्वाधीन करावी.