आज्ञा आणि वहिवाट

हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठच्या नरसीला संत नामदेवांचे जन्मगाव मानणाऱ्या परंपरेत शेजारच्या औंढा नागनाथाची एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. देवळापुढे कीर्तन केल्याने नित्यविधीला व्यत्यय येतो म्हणून पुजाऱ्यांनी नामदेवांना मागील बाजूस पिटाळले, तेव्हा साऱ्या देवळानेच तोंड फिरवून त्यांच्या कीर्तनाला सन्मुख होणे पसंत केले. या कथेची शहानिशा इतिहासाच्या कचेरीत करण्याचे कारण नाही. परंतु उपासनेत ईश्वराची आज्ञा कोणती आणि माणसांनी पाडलेली वहिवाट कोणती, हा जो प्रश्न तीत उभा आहे तो कोणत्याही एका धर्माच्या मालकीचा नाही. ख्रिस्ती मंडळीत तो दोन हजार वर्षे गाजत आला आहे, आणि महाराष्ट्रात तर तो याच टाळमृदंगाच्या निमित्ताने उपस्थित झाला.

मुळात पवित्र शास्त्राची तरतूद काय आहे ते पाहावे. जुन्या करारात यज्ञवेदीच्या मापापासून याजकाच्या झग्याच्या किनारीपर्यंत सारे तपशील बांधून दिलेले आहेत. नव्या करारात मात्र बाप्तिस्मा, प्रभुभोजन, प्रार्थना, शास्त्रपठण, उपदेश आणि स्तोत्रगायन यांची आज्ञा असली, तरी त्यांचा क्रम, घटका, पोशाख, बैठक आणि चाल यांविषयी जवळजवळ मौन आहे. शास्त्राने जे निषिद्ध ठरवले नाही ते चालू ठेवण्यास हरकत नाही, असा लूथरच्या अनुयायांचा कौल पडला. उलट शास्त्राने जे स्पष्टपणे सांगितले नाही ते उपासनेत आणूच नये, असा कॅल्विनच्या परंपरेतील स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांचा आणि इंग्रज प्युरिटनांचा दंडक होता. अहरोनाचे दोन पुत्र नादाब आणि अबीहू यांनी देवाने न सांगितलेला अग्नी त्याच्यापुढे नेला आणि ते तत्काळ भस्म झाले, या वृत्तांताचा दाखला हा दुसरा पक्ष देतो. आणि माणसाने आपली हौस देवाच्या माथी मारू नये, ही त्यामागील भीती उपहास करण्याजोगी खचितच नाही.

तथापि व्यवहारात हा दंडक पुरतेपणी कोणालाच पाळता आलेला नाही. पवित्र चुंबनाने परस्परांना अभिवादन करावे असे नव्या करारातील पत्रांत पाच वेळा सांगितले आहे. शिष्यांचे पाय धुतल्यावर तुम्हीही एकमेकांचे धुवा असे येशूने बजावल्याचे योहान लिहितो. पहिली आज्ञा आपल्याकडे नमस्कारात किंवा हस्तांदोलनात विरून गेली, आणि दुसरी बहुतेक ठिकाणी पवित्र गुरुवारापुरती उरली वा अजिबात लोपली. याउलट २५ डिसेंबर या तारखेचा शास्त्रात कोठेही उल्लेख नसता नाताळ मात्र अढळ होऊन बसला आहे. याच कारणास्तव मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंगांचा दंड ठरवला होता, आणि तो कायदा १६८१ पर्यंत अमलात होता. त्याच प्रांतातील मंडळ्यांच्या पुढाकाराने निघालेले अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत उतरले. आज त्या मिशनची वारसदार असलेली अहमदनगरची मंडळी नाताळ थाटाने साजरा करते, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटत नाही.

गोव्याचा इतिहास तर याहून बोलका आहे. साष्टीत धर्मकार्य करणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले आणि चर्चमधून त्याचे पठण होत असे. पुढे १७३६ मध्ये इन्क्विझिशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धर्मन्यायासनाने जे फर्मान काढले, त्यात दारी तुळस लावण्याबरोबरच लग्नसमारंभात ओव्या गाण्यासही मनाई केली. ज्या छंदाने एकशेवीस वर्षांपूर्वी ख्रिस्ताचे चरित्र घरोघर पोचवले, तोच छंद आता धर्मबाह्य ठरला. शास्त्र दोन्ही वेळी एकच होते. पालटला होता तो केवळ अंमलदारांचा कल.

मराठी कवी नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आले, तेव्हा त्यांच्या कानी पडली ती पाश्चात्य चालींवर मराठी शब्द बसवलेली गायने. टिळकांनी अभंग रचले, भजने रचली, आणि आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो हे कधी लपवले नाही. ख्रिस्ती कीर्तन अहमदनगरकडे त्यांच्या आधीच रुजू लागले होते. त्याला त्यांनी काव्याचे बळ दिले. शास्त्राच्या कसोटीवर हा नवा रिवाज लावून पाहिला तर मौज अशी की, दीडशेव्या स्तोत्रातील वाद्यांच्या यादीत झांज आणि डफ यांची नावे आहेत. मग टाळ धरणाऱ्या ख्रिस्ती कीर्तनकाराला शास्त्रबाह्य कोणत्या आधारे म्हणावे? विदेशी बाकांना आणि अंगरख्यांना तर इतकाही आधार सापडणार नाही.

परंतु एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर १९६९ मध्ये रोमने भारतातील मिस्सा या उपासनाविधीसाठी बारा फेरबदलांना मंजुरी दिली. जमिनीवर बैठक, अनवाणी प्रवेश, जोडलेले हात, आरती, उपरणे अशा गोष्टींना त्यायोगे मुभा मिळाली. त्यांना विरोध केवळ कर्मठांनी केला असे नाही. ज्यांच्या वाडवडिलांना देवळाची पायरी चढू दिली गेली नव्हती अशा दलित ख्रिस्ती चिंतकांनी विचारले की, ज्या संस्कृतीने आम्हाला बाहेर ठेवले तिचेच उच्चवर्णीय उपचार आता भारतीयत्वाच्या नावाने आमच्या वेदीवर का आणता? देशी वहिवाटही कोणाच्या तरी सत्तेची खूण असू शकते, हे या प्रश्नाने ध्यानात आणून दिले.

म्हणून वहिवाट देशी की विदेशी, जुनी की नवी, हा मुद्दा दुय्यम होय. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू ज्या परंपरेवर कोरडे ओढतो ती वाडवडिलांची आहे म्हणून नव्हे, तर मालमत्ता देवाला वाहिली असे सांगून मातापित्यांचे पोषण टाळण्याची सोय तिने करून दिली म्हणून. करिंथच्या मंडळीला पौल जाब विचारतो तोही भोजनाच्या पद्धतीबद्दल नव्हे. धनवान पोटभर जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात याबद्दल. महाराष्ट्रातील ज्या मंडळ्यांत बाप्तिस्म्यानंतरही पूर्वाश्रमीची जात सोयरिकीत आणि पंक्तीत टिकून राहिली, तेथे आज्ञाभंग या कलमाखाली येतो. हार्मोनियमच्या सुराशी त्याचा संबंध नाही.

टिळकांनी अखेरीस याहून बिकट ठिकाणी पाऊल टाकले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि त्याचे द्वार बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही खुले केले. येथे प्रश्न चालीरीतीचा उरला नव्हता, बाप्तिस्मा ही साक्षात आज्ञाच होती. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि त्या प्रयोगाची पुरती परीक्षा झालीच नाही. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढपणी घेतलेला बाप्तिस्मा हे दोन्ही प्रकार ग्राह्य धरण्यात आले. आज्ञा कायम ठेवून तिच्या पद्धतीबाबत परस्परांना मुभा देण्याचा तो करार होता. आणि वहिवाटीला कोठवर मान द्यावा, याची सर्वांत समंजस सीमा मला तरी त्यातच दिसते.