गणिताच्या पेपराला आठच दिवस उरले असताना

फेब्रुवारी-मार्च आला की घरोघरी एकच विषय निघतो, तो म्हणजे दहावीची परीक्षा. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा आणि वाशी या आठही तालुक्यांतील मुले-मुली लातूर विभागीय मंडळाच्या या परीक्षेला बसतात. कोणी शहरात शिकवणीला जातो, कोणी वस्तीवरून एस.टी.ने शाळेला येतो, तर कोणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात आणि तो आजीजवळ राहून अभ्यास करतो. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, पण गणिताची धास्ती मात्र बहुतेकांना सारखीच!

वर्षभर नियमित अभ्यास करावा हे तर खरेच. पण समजा, तो झाला नाही आणि आता आठच दिवस उरले आहेत. मग काय करावे? रात्रभर जागून गाइड वाचावे काय? माणसाचे मन कसे शिकते आणि कसे विसरते यावर शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षे प्रयोग केले आहेत. त्यांचे निष्कर्ष या आठ दिवसांत फार उपयोगी पडतील.

विसरले म्हणजे पुसले गेले काय?

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने स्वतःलाच प्रयोगाचा विषय बनवले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करी आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजी. एका तासानंतर निम्म्याहून कमी, तर एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश वेळ वाचे, असे त्याला आढळले. म्हणजे विसरण्याचा वेग सुरुवातीला फार मोठा असतो आणि पुढे तो मंदावतो.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, आज केलेल्या प्रकरणाची उद्या थोडी उजळणी झालीच पाहिजे. दुसरी गोष्ट धीर देणारी आहे. विसरलेला भाग पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. जूनमध्ये वर्गात शिकलेली वर्गसमीकरणे आज आठवत नसतील, तरी ती मनातून पार पुसली गेलेली नाहीत. म्हणूनच शेवटच्या आठवड्यात अगदी नव्या भागामागे लागण्याआधी एकदा समजलेला पण विसरलेला भाग हाती घ्यावा.

वाचणे आणि आठवणे

बरेच विद्यार्थी सोडवलेली उदाहरणे पुन्हा पुन्हा वाचतात. वाचताना सारे समजते, आणि वही मिटली की पुढची पायरी सुचत नाही. असे का होते?

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचून नंतर न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवले, तर दुसऱ्या गटाला ७५ टक्के. पण आठवड्याने चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के!

हा प्रयोग उताऱ्यांचा होता, पण गणितातही हीच युक्ती वापरून पाहा. वर्गसमीकरणाचे सूत्र, अंकगणिती श्रेढीच्या बेरजेचे सूत्र, शंकूचे घनफळ, ही सारी सूत्रे कोऱ्या कागदावर न पाहता लिहा. मग पुस्तक उघडून तपासा. चुकले तर लाजू नका. कोठे चुकते ते आजच कळले, हा फायदाच आहे.

उत्तर तेच, वाट वेगळी

आता ही दोन उदाहरणे पाहा.

१. दोन संख्यांची बेरीज २५ आणि वजाबाकी ३ आहे. त्या संख्या कोणत्या?

२. दोन संख्यांची बेरीज २५ आणि गुणाकार १५४ आहे. त्या संख्या कोणत्या?

दिसायला दोन्ही जुळी भावंडेच. पहिल्यात क्ष + य = २५ आणि क्ष − य = ३ ही दोन रेषीय समीकरणे मिळतात. त्यांची बेरीज केली की २क्ष = २८, म्हणून क्ष = १४ आणि य = ११. दुसऱ्यात मात्र एक संख्या क्ष मानली तर दुसरी २५ − क्ष होते. म्हणून क्ष(२५ − क्ष) = १५४, म्हणजेच क्ष² − २५क्ष + १५४ = ०. याचे अवयव (क्ष − ११)(क्ष − १४). उत्तर पुन्हा ११ आणि १४! पण हे उदाहरण वर्गसमीकरणांच्या प्रकरणातले आहे.

पाठ्यपुस्तकात प्रकरणाचे नाव वरच छापलेले असते. त्यामुळे कोणती रीत वापरायची हा प्रश्नच पडत नाही. प्रश्नपत्रिकेत ते नाव नसते. तेथे आधी रीत ओळखावी लागते, आणि नेमका हाच सराव आपण करत नाही.

रोरर आणि टेलर या अमेरिकी संशोधकांनी २००७ साली याची परीक्षा पाहिली. विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींची घनफळे काढायला शिकवली. एका गटाने एका आकृतीची सर्व उदाहरणे संपवून मग दुसरीची घेतली. दुसऱ्या गटाने चारही प्रकार सरमिसळ करून सोडवले. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के, तर सरमिसळ गटाची ६० टक्के उत्तरे बरोबर आली. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि सरमिसळ गटाने ६३ टक्के मिळवले. सोपा वाटणारा सराव फसवा असतो, तो असा.

चिठ्ठ्यांचा डबा

हा प्रयोग तुम्हाला घरी एक पैसाही खर्च न करता करता येईल. जुन्या वहीच्या कोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येक प्रकरणातील पाच-पाच उदाहरणे निवडून त्यांवर उतरवा. प्रकरणाचे नाव मात्र लिहू नका. सर्व चिठ्ठ्या एका डब्यात टाकून हलवा. रोज दहा चिठ्ठ्या काढा. आधी रीत ओळखा, मग उदाहरण सोडवा, मग पुस्तकामागील उत्तराशी ताडून पाहा. चुकलेली चिठ्ठी दोन दिवसांनी पुन्हा डब्यात टाका. मित्र-मैत्रिणी मिळून केल्यास अधिकच चांगले. शिक्षकांनाही वर्गात हा डबा सहज वापरता येईल.

भूमितीच्या चिठ्ठीला आकृती काढल्याशिवाय हात लावू नका. समजा, नळदुर्गच्या किल्ल्यातील एखाद्या बुरुजाचा माथा तुम्हाला ६० अंशांच्या उन्नतकोनात दिसतो. २० मीटर सरळ मागे गेल्यावर तोच कोन ३० अंशांचा होतो. तर बुरूज किती उंच? (आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.) आकृती काढली की दोन काटकोन त्रिकोण दिसतात. पहिले अंतर क्ष धरले, तर उंची एकीकडून क्ष√३ आणि दुसरीकडून (क्ष + २०)/√३ येते. म्हणून ३क्ष = क्ष + २०, क्ष = १० आणि उंची १०√३, म्हणजे सुमारे १७.३ मीटर. आकृतीवाचून हेच उदाहरण डोंगराएवढे वाटते.

झोप चोरू नका

१९२४ साली जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाठ केल्यावर झोप घेतली तर तेवढेच तास जागे राहण्यापेक्षा पुष्कळ अधिक आठवते, असे त्यांना दिसले. झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणी पक्क्या करतो, हे त्यानंतरच्या संशोधनातूनही पुढे आले. शिवाय जागरणाने लक्ष विचलित होते, आणि गणितात एक उणे चिन्ह सुटले तरी उत्तर हातचे जाते. म्हणून आदल्या रात्री सूत्रे एकदा लिहून काढा, कंपासपेटी व प्रवेशपत्र भरून ठेवा आणि वेळेवर झोपा. उन्हातून केंद्रावर जायचे असेल तर पाण्याची बाटली विसरू नका.

दोन तासांचा हिशेब

गणित भाग १ आणि भाग २ यांचे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे आणि २ तासांचे असतात. १२० मिनिटे भागिले ४०, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. दोन गुणांच्या प्रश्नावर पंधरा मिनिटे घालवली तर पाच गुणांचा वेळ गेला! अडलात तर जागा सोडा आणि पुढे चला. मात्र कोरे काही ठेवू नका. दिलेली माहिती, सूत्र, आकृती, जमेल तेवढ्या पायऱ्या लिहा, कारण पायऱ्यांनाही गुण असतात. पहिला पेपर कसा गेला याची चर्चा करत बसू नका. तो वेळ दुसऱ्या पेपराच्या चिठ्ठ्यांना द्या.

आठ दिवसांत कोणी गणितज्ञ होत नाही. पण रोज दहा चिठ्ठ्या सोडवल्या तर ऐंशी उदाहरणे होतात, आणि तीही रीत स्वतः ओळखून केलेली. काठावर असलेल्या विद्यार्थ्याला तेवढ्यावर अकरावीचे दार उघडू शकते. तेव्हा मित्रांनो, एक डबा शोधा आणि पहिली चिठ्ठी आजच काढा.